तपासणीसांची तपासणी

वाण्याच्या तराजूवर सरकारी छाप आहे की नाही, हे पाहण्यास आपल्याकडे स्वतंत्र खाते आहे, आणि त्या खात्याच्या अंमलदारापाशी स्वतःची प्रमाणित वजने असतात. ती वजनेच खोटी निघाली तर साऱ्या बाजाराचा न्याय खोटा ठरेल, हे कोणीही सांगेल. परंतु ज्या अधिकाऱ्याने गुरुजींचे काम जोखावयाचे, त्याच्या नजरेची पारख कोणी कधी केली आहे काय? शिक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या मूल्यमापनाविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. मूल्यमापन करणारास ते आधी शिकविले पाहिजे, याविषयी मात्र फारच थोडे. आमच्या मते खरा प्रश्न हाच आहे.

जव्हार तालुक्यातील जामसर आणि त्याच्या आसपासचे पाडे वाचकांनी डोळ्यांपुढे आणावेत. मुलांच्या घरी बोली वारली अथवा कोकणा. पुस्तकातली भाषा प्रमाण मराठी. दिवाळी उलटली की या भागातील कित्येक बिऱ्हाडे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर 'जगायला' जातात आणि मुलेही त्यांच्यासोबत जातात. अशा एखाद्या द्विशिक्षकी शाळेत माघ महिन्यात एक अधिकारी आला असे समजा. पटावर मुले तीस, हजर अठरा. त्याने छापील नमुन्यात लिहिले, 'उपस्थिती असमाधानकारक'. गुरुजी वजाबाकी आधी वारलीत समजावितात व मग मराठीत आणतात. त्याने लिहिले, 'अध्यापनाची भाषा अशुद्ध'. या अठरांपैकी चार मुले गुरुजींनी आईबापांची मनधरणी करून आजीपाशी ठेववून घेतली आहेत, ही गोष्ट लिहावयास त्या नमुन्यात रकानाच नाही. आता गंमत पाहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ सांगते की, शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावी. म्हणजे कायदा पाळणाऱ्या शिक्षकावर त्याच कायद्याच्या अंमलदाराने ठपका ठेवला! हा अधिकारी दुष्ट नव्हे, आळशीही नव्हे. वर्गात काय पाहावयाचे, हे त्याला कोणी शिकविलेले नाही, एवढाच त्याचा अपराध.

हे दुखणे जुने आहे. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखाते उभे राहिले व त्याबरोबर तपासणीसही आले. १८६२ साली विलायतेत परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत निघाली; तिचा अवतार येथेही झाला आणि तपासणीस म्हणजे पोरांची उत्तरे मोजणारा कारकून बनला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी स्पष्ट म्हटले होते की, प्राथमिक शाळांवरील देखरेख सदोष व अपुरी आहे. डेप्युटीच्या वर्षातून एका भेटीने काही साधत नाही, तपासणी निदान दर तिमाहीस व्हावी. आणि गावच्या वा जिल्ह्याच्या अंमलदारांनी घेतलेली परीक्षा वरवरची असते. परकीय सरकारास हिशेब हवा होता, मुलांचे शहाणपण नव्हे. त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा करणे व्यर्थच होते. पण स्वराज्य येऊन पाऊणशे वर्षे लोटली, तरी तपासणीची नजर बहुतेक दप्तरावरच खिळलेली आहे. महाराष्ट्राने १९९४ च्या सुमारास साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख नेमण्याची योजना केली, ती शिक्षकांस जवळचा मार्गदर्शक लाभावा म्हणून. पुढे त्यांपैकी कित्येक जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, आणि जेथे माणूस होता तेथे माहिती गोळा करून वर पाठविण्यातच त्याचा दिवस जाऊ लागला.

पाहणे ही शिकण्याची विद्या आहे काय, असे कोणी विचारील. आहे. अमेरिकेत २००९ साली बारा शिक्षणजिल्ह्यांची पाहणी झाली, तेव्हा असमाधानकारक ठरविलेले शिक्षक शेकडा एकाहूनही कमी निघाले; म्हणजे सर्वांस चांगला शेरा देऊन मोकळे होण्याची चाल केवळ आपलीच नाही! त्याच वर्षी तेथे सुरू झालेल्या सुमारे ३००० शिक्षकांच्या अभ्यासात निरीक्षकांस प्रथम पाठांची चित्रफीत दाखवून त्यांचे निर्णय प्रमाणित निर्णयांशी ताडून पाहिले, आणि ते जुळल्यावरच त्यांस गुण देऊ दिले. तरीही निष्कर्ष असा निघाला की, एका माणसाने एकदा पाहून दिलेला निर्णय भरवशाचा नसतो. एकाहून अधिक पाठ, एकाहून अधिक डोळ्यांनी पाहावे लागतात.

आम्ही वकिली केलेली असल्याने साक्ष आणि अनुमान यांतील भेद आम्हांस अंगवळणी पडलेला आहे. 'शिक्षक निरुत्साही आहे' हे अनुमान. 'अर्ध्या तासात त्यांनी अकरा प्रश्न विचारले, ते सर्व पुढच्या ओळीतील मुलांस' ही साक्ष. पहिल्यावर भांडण होते, दुसऱ्यावर बोलणे होऊ शकते. हा भेद अंगी बाणविण्यास काही आठवडे लागतात, पदोन्नतीचा हुकूम पुरत नाही. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी व एखादा अनुभवी शिक्षक यांनी एकच पाठ पाहून, एकमेकांशी न बोलता टिपणे लिहावीत; मग ती शेजारी ठेवून मतभेद कोठे व का पडला याचा खल करावा. अशा पाचपंचवीस पाठांनंतर जी नजर तयार होईल, ती सभागृहात बसून ऐकलेल्या व्याख्यानांनी होणार नाही.

दुसरे कलम न्यायाचे. सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त खटल्यात (२००८) ठरविले, व सुखदेव सिंग खटल्यात (२०१३) मोठ्या पीठाने कायम केले, की सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, बरी असो वा वाईट, त्यास कळविलीच पाहिजे. पण नोंद कळविणे आणि ती समोरासमोर समजावून सांगणे यांत अंतर आहे. हे दुसरे काम शिकविल्यावाचून येत नाही. इंग्लंडात २०२३ च्या आरंभी शाळातपासणीच्या एकाच शब्दाच्या शेऱ्याच्या धास्तीने एका मुख्याध्यापिकेने आत्महत्या केली. त्यानंतर २०२४ मध्ये तो एकशब्दी शेरा तेथील सरकारने रद्द केला. जीव गेल्यावर सुचलेले शहाणपण!

मुख्याध्यापकाची गोष्ट तर याहून बिकट. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. डोंगरावरच्या पाड्यांत दीडशे मुले आणावयाची कोठून? मग ज्येष्ठ शिक्षक 'प्रभारी' होतो. वर्ग तोच घेतो, पोषण आहाराचा हिशेब तोच ठेवतो, आणि नेतृत्वाच्या रकान्यात कमी गुणही तोच मिळवितो. आश्रमशाळांची तऱ्हा निराळी. त्या आदिवासी विकास खात्याच्या, त्यांचे वरिष्ठ निराळे. आणि तेथील मुख्याध्यापकाची खरी परीक्षा शाळा सुटल्यावर, मुलांच्या जेवणाच्या व निजण्याच्या वेळी असते. अकरा वाजता येऊन चार वाजता परतणाऱ्या अधिकाऱ्यास ती दिसणार कशी?

खर्चाची सबब पुढे येईल. पण शैक्षणिक नियोजन व प्रशासन यांकरिता राज्याची स्वतंत्र संस्था छत्रपती संभाजीनगर येथे आहेच. तिने जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांतील केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि प्रकल्प कार्यालयाचे शिक्षणाधिकारी यांचा एकत्र वर्ग जव्हारलाच भरवावा, आणि तो वर्ग सभागृहात न भरविता जामसरसारख्या गावच्या शाळांत भरवावा. वारली जाणणारा एक स्थानिक शिक्षक त्यांच्यासोबत असावा. हजेरीचा रकाना भरताना जगायला गेलेल्या बिऱ्हाडांची यादी आधी मागण्याची सवय त्यांस तेथेच लागेल. नवा नमुना छापण्याची घाई मात्र खात्याने करू नये. जुन्याच्या पाठीमागचे कोरे पान तूर्त पुरेसे आहे.