नसलेल्या देशाचा राग

दोस्तांनो, आज आधी एक प्रश्न. तुमच्या शेजारच्या घरात डॅनिरियन कुटुंब राहायला आलं, तर चालेल का तुम्हांला? चटकन सांगा हं, फार विचार नको!

'चालेल' म्हणालात? की नाक मुरडलंत? थांबा, गंमत सांगतो. डॅनिरियन नावाचे लोक पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नाहीत!

हा खट्याळपणा माझा नाही. यूजीन हार्टली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. त्याने कॉलेजातल्या मुलामुलींना निरनिराळ्या देशांच्या आणि वंशांच्या लोकांची यादी दिली आणि विचारलं, यांना किती जवळ येऊ द्याल? मित्र म्हणून? शेजारी म्हणून? की देशातच नकोत? यादीत डॅनिरियन, पिरेनियन अशी तीन नावं त्याने मनानेच घुसडली होती. १९४६ साली त्याचं पुस्तक आलं. दिसलं काय, तर ज्यांना खऱ्याखुऱ्या परक्या लोकांचा तिटकारा होता, त्यांना बहुधा या खोट्या लोकांचाही होता! आता त्या बिचाऱ्या डॅनिरियनांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? म्हणजे तो राग त्या लोकांमुळे नव्हताच. तो रागावणाऱ्याच्या स्वभावातच होता.

स्वभावासारखाच विचारसरणीचाही चष्मा असतो. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका जनमत चाचणीत मतदारांना विचारलं, 'अग्राबावर बॉम्ब टाकावेत का?' रिपब्लिकन पक्षाच्या ३० टक्के मतदारांनी 'हो' म्हटलं, १३ टक्क्यांनी 'नको'. डेमोक्रॅटिक पक्षाच्या १९ टक्के मतदारांनी 'हो' म्हटलं, ३६ टक्क्यांनी 'नको'. आणि हे अग्राबा आहे कुठे? डिस्नेच्या १९९२ सालच्या 'अल्लादीन' या कार्टूनपटात! 'हो'वाले काय नि 'नको'वाले काय, देशाकडे बघून कुणीच उत्तर दिलं नव्हतं. मनातलं जुनंच मत पुढे केलं होतं.

हसू आलं ना? पण खऱ्या देशांबद्दलही माणसं अशीच मतं ठोकून देतात. आणि तिथे खरी घरं असतात, तुमच्याएवढी शाळेत जाणारी मुलं असतात.

त्या चाचणीत बऱ्याच जणांनी 'ठाऊक नाही' असंही सांगितलं. मला विचाराल तर पैकीच्या पैकी मार्क त्यांनाच!

आता घरात कुणी म्हणालं, 'त्या देशाची माणसं सगळी तसलीच,' तर हळूच विचारा, 'त्यांच्यातलं कुणी तुम्हांला भेटलंय?' उद्धटपणे नाही हं! आणि हो, हाच प्रश्न आधी स्वतःला विचारा.