हौसेचे शीड, पोटाचे शीड

इंग्लंडमध्ये ‘ओल्ड गॅफर्स असोसिएशन’ या नावाची नौकामालकांची एक संस्था आहे. ती १९६३ साली स्थापन झाली. २०१३ साली तिच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभासदांनी आपल्या शिडांच्या नौका घेऊन ब्रिटनच्या किनाऱ्याला प्रदक्षिणा घातली. मोजक्या नौकांनी सबंध फेरी केली. बाकीच्या आपापल्या टापूपुरत्या सामील झाल्या आणि पुढच्या बंदरावरील मंडळींच्या हवाली फेरी करून माघारी वळल्या. २०२३ साली साठावे वर्षही बंदरामागून बंदर घेत असेच साजरे झाले. हौशी माणसांनी हौसेने केलेला हा सोहळा आहे आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडावे असे त्यात काही नाही.

मग या साप्ताहिकाच्या पानावर त्याची दखल कशासाठी? याचे कारण आपल्याकडे आहे. कोकण किनाऱ्यावर ‘मरीना’ उभारण्याची भाषा सुरू झाली की अशा सोहळ्यांची उदाहरणे हमखास पुढे केली जातात. ‘पाहा, ते लोक आपला सागरी वारसा किती प्रेमाने जपतात; आणि आपण?’ असा सवाल टाकला जातो. हा सवाल ऐकणाऱ्यास क्षणभर ओशाळे करतो आणि ओशाळलेला माणूस हिशेब विचारत नाही. म्हणून तो हिशेब येथे मांडावयाचा आहे.

प्रथम ‘गॅफर’ म्हणजे काय ते पाहू. आजच्या शर्यतीच्या नौकेवर त्रिकोणी, उंच आणि निमुळते शीड असते. गॅफ पद्धतीचे शीड चौकोनी असते आणि त्याची वरची कड एका तिरप्या काठीला बांधलेली असते. आपल्या मचव्यांचे शीड वेगळे. ते लांबलचक परबाणाला बांधून डोलकाठीवर चढविले जाते. पण दोन्हींमागील गरज एकच होती. आखूड डोलकाठीवर पुष्कळ कापड पसरता यावे आणि थोड्या माणसांना ते आवरता यावे, ही ती गरज. थोडी माणसे का? तर जास्त माणसांची मजुरी त्या धंद्यात निघत नव्हती. गॅफ शीड हा सौंदर्यदृष्टीतून जन्मलेला अलंकार नव्हे. तो श्रमाच्या अर्थशास्त्रातून घडला. ब्रिस्टलच्या आखातात मोठ्या जहाजांना वाट दाखविणारे पायलट, ब्रिक्सहॅमचे मच्छिमार, एसेक्सच्या खाड्यांतून कालवे काढणारे लोक, या साऱ्यांनी ते पिढ्यान् पिढ्या वापरले. टेम्स नदीचे सपाट तळाचे पडाव शिडाचे थोड्या निराळ्या घडणीचे, पण त्यांच्यावरही बहुधा दोनच माणसे असत, एक नाखवा आणि एक मदतनीस. लंडनच्या घोडागाड्यांसाठी ते गवत न्यावयाचे आणि परतताना त्याच घोड्यांची लीद शेतांसाठी आणावयाचे. खलाशाला मिळे तो ठरीव पगार नव्हे, तर भाड्यातील वाटा; म्हणजे वारा पडला की कमाईही पडली. ‘कँब्रिया’ नावाच्या पडावाने १९७० साली शेवटचा माल वाहिला आणि ब्रिटनच्या किनाऱ्यावर निव्वळ शिडाच्या बळावर चालणारी मालवाहतूक संपली.

नौकांचे पुढे काय झाले हे आपणांस ठाऊक आहे. काही कुजल्या, काही हौशी मंडळींनी विकत घेतल्या, खरवडल्या, रंगविल्या आणि आज त्या जयंत्या साजऱ्या करीत फिरतात. परंतु त्यांवरील माणसांचे पुढे काय झाले? त्यांची जयंती कोणती संस्था साजरी करते? वारसा जपला असे म्हणताना आपण काय जपतो, साधन की ते साधन वापरणारा माणूस, हा प्रश्न वारशाच्या भक्तांना कधी पडत नाही. लाकूड जपता येते, कारण लाकूड मजुरी मागत नाही.

न्यायाने बोलावयाचे तर ‘ओल्ड गॅफर्स’ची मंडळी काही कुबेरपुत्र नव्हेत. त्यांतील कित्येकजण आपली नौका स्वतःच्या हातांनी डागडुजी करून चालवितात आणि पगारी खलाशी ठेवीत नाहीत. त्यांच्यावर शस्त्र उपसण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. नौकाविहाराच्या धनिक परंपरेची गोष्ट मात्र निराळी. काउज येथील ‘रॉयल यॉट स्क्वाड्रन’ १८१५ साली निघाली. तिच्यासारख्या क्लबांच्या सभासदांच्या प्रचंड नौका चालवीत कोण? टोल्सबरी, ब्राइटलिंगसी, वायव्हनहो या एसेक्समधील खेड्यांचे कोळी. हिवाळ्यात ते स्वतःच्या होडीवर मासे आणि कालवे काढीत. उन्हाळ्यात मालकाच्या नौकेच्या नावाचा सदरा घालून तिच्यावर राबत. विजयाचा चषक मालकाच्या दिवाणखान्यात जाई. चहाचा व्यापारी सर थॉमस लिप्टन याने १८९९ ते १९३० या काळात ‘शॅमरॉक’ नावाच्या एकामागून एक पाच नौका घेऊन अमेरिका चषकासाठी आव्हान दिले आणि पाचही वेळा तो हरला. त्याच्या पैशामागे सिलोनच्या मळ्यांतील तमिळ मजुरांचे कष्ट होते हे सांगावयास नकोच. मौज अशी की ‘स्क्वाड्रन’च्या सरदारांना त्याचा पैसा नव्हे, त्याची किराणा दुकानदारी खुपत होती. मृत्यूच्या उंबरठ्यावर, १९३१ साली, त्याला सभासद करून घेण्यात आले. थॉर्स्टीन व्हेब्लेनचे निरुद्योगी वर्गावरील पुस्तक लिप्टनच्या पहिल्याच आव्हानाच्या वर्षी, १८९९ साली, प्रसिद्ध झाले. अध्यापनाच्या काळात व्हेब्लेन शिकविताना मला लिप्टनहून चांगले उदाहरण कधी सापडले नाही. आणि आपला अपोलो बंदर तरी काय सांगतो? १८४६ साली स्थापन झालेल्या तेथील रॉयल बॉम्बे यॉट क्लबात साम्राज्याच्या काळात हिंदी माणसाला सभासद म्हणून प्रवेश नव्हता. समोरच्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या होडी घालणारा कोळी तर त्यांच्या हिशेबात माणसांतच नव्हता.

या हौशी शर्यतींतील एक प्रथा मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जुन्या नौका लहानमोठ्या, जडहलक्या असतात. त्या सरसकट एका रेषेवरून सोडल्या तर लांब आणि श्रीमंत नौका दर वेळी जिंकेल. म्हणून प्रत्येक नौकेला तिच्या लांबी-रुंदीच्या मानाने ‘हँडिकॅप’ लावतात. वेळेचा हिशेब करताना लहान नौकेला सवलत मिळते. याला कोणी स्पर्धेतील हस्तक्षेप म्हणत नाही की लाडावलेपणा म्हणत नाही. उलट यामुळेच शर्यत न्याय्य होते असे सारे मानतात. हेच तत्त्व बाजारात आणि समुद्रात लागू करा, लहान मच्छिमाराला मोठ्या ट्रॉलरपासून संरक्षण द्या असे म्हटले, की मात्र कार्यक्षमतेचे पुराण सुरू होते. खेळात जे न्यायाचे ते पोटापाण्यात अन्यायाचे कसे होते, हे मुक्त बाजाराच्या उपासकांनी एकदा समजावून सांगावे.

तसे संरक्षण दिले तर काय होते, याचे उत्तर इंग्लंडच्याच किनाऱ्यावर आहे; पण वारशाचे भक्त ते उदाहरण सांगत नाहीत. कॉर्नवॉलमध्ये फाल नदीच्या मुखाशी कालवांची जुनी मासेमारी आहे. तेथे यंत्राच्या जोरावर ड्रेज ओढून कालवे काढण्यास मनाई आहे. काढावयाची तर शिडावर किंवा वल्ह्यांवर, आणि ड्रेज हातांनी खेचावयाची. ही मनाई कोणा कवीच्या आग्रहास्तव आलेली नाही. यंत्राला मोकळीक दिली तर कालवांचे बीज उरणार नाही, हे उघडे सत्य तिच्यामागे आहे. परिणाम काय झाला? शिडावर चालणारी व्यापारी मासेमारी युरोपात इतरत्र नामशेष झाली, ती तेथे टिकली. ज्या गॅफ नौका हिवाळ्यात कालवे काढतात त्यांतल्याच उन्हाळ्यात शर्यतीत उतरतात. तेथेही आता नौका थोड्याच राहिल्या आहेत हे खरे. पण जेवढा वारसा उरला तेवढा क्लबाने नव्हे, कायद्याने राखला. साधनावर मर्यादा घातली म्हणून माणूस टिकला, आणि माणूस टिकला म्हणून शीडही टिकले.

गोव्याच्या रांपणकारांनी १९७० च्या दशकात नेमके हेच मागितले होते. सरकारी मदतीच्या जोरावर उतरलेले यांत्रिक ट्रॉलर अगदी किनाऱ्यालगत येऊन जाळी ओढीत होते, रांपणीचे मासे आणि कित्येकदा रांपणच फाडून नेत होते. किनाऱ्यालगतचा पट्टा आम्हांस राखून द्या, एवढीच त्यांची मागणी होती. त्यासाठी मोर्चे निघाले, उपोषणे झाली, माणसे तुरुंगात गेली. १९७८ साली देशभरच्या मच्छिमार संघटना एका व्यासपीठावर आल्या त्यामागे या लढ्याचा मोठा वाटा होता. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० सालचा, महाराष्ट्राचा १९८१ चा. कायदे झाले, अंमल मात्र कोणाचा? महाराष्ट्रात २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले आणि त्यानंतरही मालवण, देवगडच्या रापणकरांना स्वतः पाण्यात उतरून पर्ससीनवाल्यांशी झगडावे लागले. एल.ई.डी. दिव्यांच्या झोतावर मासे गोळा करण्यास २०१७ साली केंद्राने बंदी घातली, तरी रात्री समुद्रावर ते दिवे दिसल्याच्या तक्रारी संपत नाहीत. आणि आम्हांला विचारण्यात येते, ‘वारसा का जपत नाही?’

आता मुंबईकडे येऊ. वरळी कोळीवाड्यातील क्लीव्हलँड बंदराच्या तोंडावरून सागरी किनारा मार्गाचा पूल जावयाचा होता. दोन खांबांतील अंतर साठ मीटर ठेवण्याचे ठरले. वाऱ्याच्या, लाटांच्या दिवसांत एवढ्या फटीतून होडी काढणे म्हणजे जिवाशी खेळ, हे तेथील मच्छिमार सांगत राहिले. त्यांची मागणी १६० मीटरांची होती. वर्षानुवर्षे आंदोलन केल्यावर, २०२२ च्या डिसेंबरात, १२० मीटरांवर तडजोड झाली. आपल्याच समुद्रात जाण्यासाठी, आपल्याच दारातून, चाळीस मीटर कमी घेऊन समाधान मानावे लागले. हा मार्ग मोटारवाल्यांचा. त्यावर बस चालते म्हणून तो सार्वजनिक, असे म्हणणाऱ्यांनी मोटारी किती आणि बसगाड्या किती, हे एकदा उभे राहून मोजावे.

त्याच शहरात मुंबई बंदर प्राधिकरणाने २०२५ च्या अखेरीस मरीनाचा प्रकल्प पुढे आणला. खर्च ८८७ कोटी रुपये. सोय ४२४ नौकांची. त्यांतील ४७० कोटींच्या आसपासचा भार प्राधिकरणाने, म्हणजे सार्वजनिक संस्थेने उचलावयाचा आहे. भागाकार वाचकांनीच करावा. एका नौकेच्या दाव्यामागे दोन कोटींहून अधिक रक्कम येते. गंमत पाहा. सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या यॉटवर वस्तू व सेवा कर चाळीस टक्के आहे. म्हणजे एका हाताने सरकार म्हणते की ही चैन आहे, तिच्यावर सर्वांत वरचा कर लावला पाहिजे. आणि दुसऱ्या हाताने तीच चैन नांगरण्यासाठी सार्वजनिक पैशाचा धक्का बांधून देते. तिकडे मच्छिमाराच्या डिझेलवरील कराचा परतावा थकतो, आणि तो मिळावा म्हणून सहकारी सोसायट्यांना हेलपाटे घालावे लागतात.

रोजगाराचा युक्तिवाद येथे हमखास येईल. येऊ द्या. खासगी यॉट वर्षातील बहुतेक दिवस जागच्या जागी उभी असते. ती उत्पादनाचे साधन नव्हे, पाण्यावर तरंगणारी थिजलेली संपत्ती आहे. तिच्यामुळे पहारेकरी, सफाई कामगार आणि पेयपात्रे नेणारा पोऱ्या यांना काम मिळेल, याविषयी शंका नाही. परंतु स्वतःच्या होडीवरचा तांडेल जर त्याच पाण्यात दुसऱ्याच्या नौकेचा दोर धरणारा नोकर झाला, तर हा रोजगार वाढला की स्वतंत्र उत्पादकाचे मजुरात रूपांतर झाले? एसेक्सच्या कोळ्याला निदान हिवाळ्यात परतावयास स्वतःची होडी होती. वाढवणला ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचे बंदर होऊ घातले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. तेथील मच्छिमारांनी परतावे कोठे, याचे उत्तर नकाशावर कोणी दाखवीत नाही. सागरी किनारा नियमनाची १९९१ ची अधिसूचना आणि २०१९ ची अधिसूचना शेजारी ठेवून वाचल्या तर दिशा स्पष्ट होते: दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामास मनाई असलेला पट्टा दोनशे मीटरांवरून पन्नास मीटरांवर आणला गेला. समुद्र मागे सरलेला नाही. कायदा मागे सरला आहे.

उद्घाटनांच्या भाषणांतून कान्होजी आंग्र्यांचे नाव आता पुन्हापुन्हा निघेल. गुराब आणि गलबत हे शब्द व्यासपीठावर फार शोभून दिसतात. त्या गलबतांची शिडे ओढणारे कोळी, भंडारी, गाबीत, खारवी आणि दालदी मुसलमान यांचे वंशज आज त्याच किनाऱ्यावर आहेत. त्यांच्या घराखालची जमीन अनेक ठिकाणी अजून त्यांच्या नावावर नाही. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आहे.

आपल्या किनाऱ्याला नौकाधारकांची संस्था नाही असेही नव्हे. मालवणच्या वाळूवर रापण लागते तेव्हा दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीत वाटा असतो. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, श्रमाचा वाटा असा हिशेब तेथेच वाळूवर होतो. उत्पादनसाधन सामाईक आणि फळही सामाईक, अशी ही रचना कोणत्याही समाजवादी ग्रंथातून उचललेली नाही. तिला महोत्सव नको आहे. तिला हवा आहे किनाऱ्यालगतचा मोकळा पट्टा, १९८१ च्या कायद्याची अंमलबजावणी करणारी वेगवान गस्ती नौका, होडी ओढून ठेवण्याइतकी वाळू आणि त्या वाळूचा सात-बारा. किनाऱ्यावरील आपल्या शाखांनी येत्या पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या काळात, जेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणसे घरी भेटतात, गावोगावच्या रापण संघांच्या याद्या करावयास घ्याव्यात आणि कोणत्या वाळूवर कोणाची होडी किती वर्षे ओढली जाते याची साक्षीपुराव्यासह नोंद करावी. मरीनावाल्यांची मोजणी सुरू होण्यापूर्वी ही मोजणी आपल्या हाती असली पाहिजे.