दिवा माझा, कुलूप त्यांचं

जालना रोडवर गाडीचा पिवळा इंजिन-दिवा लागला. सर्व्हिस सेंटरने कोड वाचला, पी०४२०, आणि फर्मावलं : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला. खरं तर हा कोड कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा संशय सांगतो; कारण सांगत नाही. आमच्या मिस्त्रीने सायलेन्सरच्या पाइपची गळती शोधली, वेल्डिंग केलं, कोड पुसला. दिवा पुन्हा लागला नाही.

हा कोड सगळ्या कंपन्यांना समान, म्हणून त्याच्या साध्या स्कॅनरला वाचता आला. एअरबॅग, एबीएस, इमोबिलायझरचं काम निघालं की मात्र बहुतेकदा कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं. वाळूज-शेंद्र्यात गाड्या बनतात आणि इथल्याच मिस्त्रीचे हात बांधलेले!

कारण म्हणे सुरक्षितता. ब्रेक चुकीचे बसवणंही धोक्याचंच. म्हणून कुणी पाने कुलपात ठेवत नाही, काम शिकवतात. स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला; सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना खुली करा, असंही बजावलं. त्यावर अपिलं झाली, कुलूप तसंच आहे.

गाडीचे पूर्ण पैसे मी मोजलेत. तिचं दुखणं कुणाला दाखवायचं, हेही मीच ठरवणार.