‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’

तालुक्याच्या कोणत्याही बाजारपेठेत नळाचे, विजेचे किंवा पंपाचे सामान विकणाऱ्या दुकानात गेले, की गल्ल्यामागच्या भिंतीवर एक पाटी हमखास आढळते: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ गिऱ्हाइकाला तिची इतकी सवय झालेली असते, की ती त्याच्या डोळ्यांना दिसते, पण मनाला बोचत नाही. वास्तविक त्या एका ओळीत एक संपूर्ण अर्थव्यवहार सामावलेला आहे. वस्तू बनविणाऱ्याने कसूर करावी, विकणाऱ्याने ती खपवावी आणि तिची भरपाई मात्र वापरणाऱ्याने करावी, असा तो व्यवहार होय.

गोंदिया जिल्ह्यात तिरोडा तालुक्यात बोदलकसा हे गाव आहे. बाहेरच्यांना ते तेथील तलावामुळे आणि नागझिऱ्याच्या जंगलाच्या शेजारामुळे ठाऊक असते. सहलीला येणारा माणूस तलाव पाहून परततो. गावातल्या घरांत काय बिघडले आणि ते कसे दुरुस्त होते, हे पाहण्याचे त्याला कारण नसते. अशा गावातल्या एखाद्या घरी विहिरीवरची लहान मोटार बंद पडली, असे समजा. बटण दाबले की ती नुसती घुमते, फिरत नाही. मिस्त्री पाहून सांगतो, कंडेन्सर गेला. घरचा माणूस दिवसाची मजुरी बुडवून तिरोड्याला जातो, नवा कंडेन्सर आणतो, मिस्त्री तो बसवितो. चार दिवसांनी मोटार पुन्हा घुमू लागते. नव्या कंडेन्सरवर छापलेली क्षमता त्याच्या पोटात नव्हतीच. हे कळेपर्यंत कोणी दोन-चारदा बटण दाबून पाहतो आणि मोटारीची गुंडाळी जळते.

आता या नुकसानीचा हिशेब मांडावा. सदोष भागाची किंमत ही त्यातील सर्वांत लहान रक्कम असते. दोन खेपांचे भाडे, दोन दिवसांची बुडालेली मजुरी, मिस्त्रीची दुबार मजुरी आणि शेवटी मोटार पुन्हा गुंडाळून घेण्याचा खर्च हे सारे तिच्या कितीतरी पट होते. शिवाय मोटार बंद असेल तितके दिवस घरातल्या बाईने डोक्यावरून आणलेले पाणी कोणत्याच हिशेबात धरले जात नाही. दुकानदार फार तर ‘दुसरा घेऊन जा’ म्हणतो आणि स्वतःला उदार समजतो. परंतु त्याने बदलून दिलेली असते ती केवळ वस्तू. झालेली हानी आहे तेथेच राहते. शहरातल्या सुखवस्तू माणसाला हा मनस्ताप असतो. हातावर पोट असलेल्याला तो दंड असतो. तोही दुसऱ्याच्या अपराधाबद्दलचा!

‘गिऱ्हाइकाने पारखून घ्यावे’ असा उपदेश यावर नेहमी केला जातो. भांडे वाजवून घेता येते, धान दाताखाली धरून पाहता येते. कंडेन्सर कसा पारखावा? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन नेमका हाच मुद्दा मांडला आणि २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा: विकणाऱ्याला वस्तूचा कस ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा चांगल्या वस्तूचे पुरते मोल द्यायला धजत नाही. मग चांगला माल विकणे परवडेनासे होते आणि वाईट माल चांगल्याला बाजाराबाहेर हुसकावतो. म्हणजे हा प्रश्न एखाद्या दुकानदाराच्या नीतीपुरता नाही. प्रामाणिकपणे दोन पैसे जास्त देऊन कसदार माल ठेवणारा दुकानदारच या बाजारात प्रथम बुडतो.

आणि बदनाम होतो तो मिस्त्री. भाग निकामी निघाला की ‘याला काम येत नाही’ किंवा ‘याचे दुकानदाराशी साटेलोटे आहे’ अशी बोलणी त्याला ऐकावी लागतात. काही ठिकाणी दलाली चालतही असेल. पण पुष्कळदा तोही गिऱ्हाइकाइतकाच फसलेला असतो. ज्याने तो भाग बनविला त्याचे तोंड दोघांनीही पाहिलेले नसते. विदर्भातल्या घरांवर कुंभाराने घडवलेली कवेलू असत. ती फुटकी निघाली तर कुंभार गावातच सापडे. त्या व्यवस्थेत जातीची बेडी होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु वस्तूबरोबर तिच्या कर्त्याची जबाबदारीही दारात येत असे. आजच्या बाजारात वस्तू येते, जबाबदारी वाटेतच उतरून जाते.

हे असेच चालायचे, असे मानणाऱ्यांनी ज्याला वैदर्भीय माणूस ‘बोरिंग’ म्हणतो त्या हातपंपाचा इतिहास आठवावा. १९६० नंतरच्या दुष्काळांत देशभर विंधनविहिरी खोदल्या गेल्या आणि त्यांवर घरगुती वापराच्या नमुन्याचे ओतीव लोखंडाचे पंप बसविले गेले. अख्ख्या गावाचा भार त्यांना झेपला नाही. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा चारांपैकी तीन पंप बंद असल्याचे आढळले. विहीर खोदलेली, पाणी लागलेले आणि तरी गाव तहानलेले, अशी ती अवस्था होती. यावर तोड निघाली तीही महाराष्ट्रातल्या अनुभवातून. जालना आणि सोलापूर येथील मिशनऱ्यांच्या कार्यशाळांत पोलादी, दणकट पंप घडविले जात होते. सोलापूरच्या नमुन्याच्या आधारे युनिसेफ, मद्रासची संशोधन संस्था आणि सार्वजनिक क्षेत्रातील रिचर्डसन अँड क्रुडास हा कारखाना यांनी मिळून ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध केला. १९७९ साली त्याचे भारतीय मानक ठरले.

या पंपाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या दांड्यात नसून दोन सार्वजनिक निर्णयांत आहे. त्याचा आराखडा कोणाच्या खाजगी मालकीचा ठेवला गेला नाही. कोणत्याही लहानमोठ्या कारखानदाराला तो बनविता आला. मात्र माप सर्वांना एकच आणि माल बाहेर पडण्यापूर्वी त्याची तपासणी सर्वांना सक्तीची. त्यामुळे एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पंपात चपखल बसू लागला. पुढे १९८० नंतरच्या दशकात कोइमतूर भागात क्षेत्रीय चाचण्या झाल्या. कातड्याचे वॉशर लवकर झिजत आणि ते बदलण्यासाठी साऱ्या नळ्या वर ओढाव्या लागत. चाचण्यांत नायट्राइल रबराचे वॉशर कितीतरी अधिक टिकले. भागाची किंमत क्षुल्लक असते, तो बदलण्याची किंमत मोठी असते, हे तत्त्व तेथे पाण्यासाठी मान्य झाले. ते घरातल्या नळाला, बटणाला आणि मोटारीला लागू करायला कोणाची हरकत असावी?

एक हरकत खरोखरच विचारात घेण्यासारखी आहे. सक्तीच्या मानकांमुळे लहान कारखानदार चिरडला जाईल आणि मैदान बड्या भांडवलदारांना मोकळे होईल, असे म्हटले जाते. तपासणीचा खर्च एकट्या लहान उद्योजकावर लादला तर तसेच घडेल. म्हणूनच परीक्षण-प्रयोगशाळा सार्वजनिक खर्चाने जिल्ह्याजिल्ह्यांत हव्यात. दुसऱ्या बाजूला, ‘आमचाच अस्सल भाग वापरा’ असे बजावून तो अवाच्या सवा भावाने विकणाऱ्या बड्या कंपन्यांनाही लगाम हवा. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली आणि त्याच वर्षी त्याविषयीचे माहितीस्थळ सुरू केले. पण हक्क कायद्याने बंधनकारक होईपर्यंत माहिती ही केवळ माहितीच राहते.

कायद्याचे हात अगदीच रिकामे आहेत असे मात्र नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली व तो जुलै २०२० पासून अमलात आला. पावती न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीही तशीच प्रथा आहे. पावतीवर मुदत नसेल तर तीस दिवसांची मुदत कायद्यानेच दिली आहे. म्हणजे सदोष मालापुरती तरी भिंतीवरची ती पाटी कायद्याच्या तोंडावर मारलेली चपराक आहे. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातच दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तरीही शेदोनशे रुपयांच्या भागासाठी बोदलकशाचा मजूर गोंदियाच्या आयोगापुढे तारखांना हजेरी लावील, अशी अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा ठरेल. एकट्याला परवडत नाही ते समूहाला परवडते, आणि समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांनी मिळून किंवा नोंदणीकृत ग्राहक संघटनेने तक्रार करण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे.

कार्यकर्त्यांचे काम येथून सुरू होते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला. त्याच सुमारास मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. त्या पिढीने भावाचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. कसाचा प्रश्न आणणे बाकी आहे. त्यासाठी प्रारंभी मोर्चाचीही गरज नाही. गावात एक वही ठेवावी. कोणता भाग, कोणत्या छापाचा, कोठून घेतला, किती दिवस टिकला, हे तीत लिहावे. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. निकामी भाग फेकू नये, पावतीसह जपून ठेवावा, कारण तोच पुरावा आहे. मिस्त्रीला आरोपी न करता साक्षीदार करावे. गावातला कस त्याच्याइतका कोणालाच ठाऊक नसतो. वहीत एकाच छापाच्या दहा नोंदी झाल्या, की ती दहा घरांची कुरकुर राहत नाही, ते एक प्रकरण होते. ते घेऊन प्रथम दुकानदाराकडे जावे आणि त्याने हात झटकले तर आयोगाकडे.

बोदलकशाच्या त्या घरी मोटार पुन्हा सुरू होईल तेव्हा तिचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो पुरेशा गावांतून, पुरेशा वह्या पुढे ठेवून विचारला गेला, तर भिंतीवरची ती पाटी दुकानदार स्वतःच्या हाताने उतरवील.