शिलोहाचा बुरूज आणि विरारची इमारत

27 ऑगस्ट 2025. गणेश चतुर्थीचा दिवस नुकताच सुरू झाला होता. मध्यरात्र उलटून काही मिनिटे होतात न होतात तोच, आपल्या मनवेलपाड्याप्रमाणेच विरार पूर्वेस असलेल्या ‘रमाबाई अपार्टमेंट’ या चार मजली इमारतीचा मागील भाग कोसळला. 17 जण मृत्युमुखी पडले. त्यांत पहिला वाढदिवस नुकताच साजरा झालेली एक बालिकाही होती.

अशा प्रसंगी आपण चटकन म्हणतो, ‘त्यांची वेळ भरली होती.’ दुःखी माणसाच्या सांत्वनासाठी हे शब्द येतात, हे खरे. परंतु श्रद्धावंतांनी त्यांचा अर्थ तपासून पाहावयास हवा. वेळ भरते ती कोणाच्या हातून? देवाच्या की माणसाच्या?

असाच प्रश्न प्रभू येशूपुढेही होता. जेरुसलेममध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे दगावली होती. ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे येशूने स्पष्ट केले आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाची हाक दिली. लागलीच त्याने अंजिराच्या झाडाचा दाखला सांगितला (लूक 13). तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडावयास सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. ते वर्ष तो स्वस्थ बसून काढणार नाही. झाडाभोवती खणून खत घालणार आहे. देवाची दया येथे मुदतीच्या रूपाने प्रकट होते.

अनंतकाळ म्हणजे मृत्यूनंतर सुरू होणारा, कधी न संपणारा काळ, अशी आपली ढोबळ समजूत असते. ख्रिस्ती चिंतन याहून खोल आहे. सहाव्या शतकाच्या प्रारंभी तुरुंगात मृत्यूची वाट पाहणाऱ्या बोएथियसने सार्वकालिकतेची व्याख्या केली ती अमर्याद जीवनाची एकाच वेळी असलेली परिपूर्ण प्राप्ती अशी. त्यापूर्वी संत ऑगस्टिन यांनी ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात काळाचे कोडे उलगडण्याचा प्रयत्न केला होता. भूतकाळ आता उरलेला नाही, भविष्य अद्याप आलेले नाही. स्मरण, अवधान आणि अपेक्षा या रूपांनी ते आपल्या वर्तमानातच असतात, असे त्यांनी दाखविले. 8 मे 2025 रोजी निवडले गेलेले पोप लिओ चौदावे हे याच संताच्या नावाने चालणाऱ्या ऑगस्टिनियन संघाचे आहेत.

याचा अर्थ असा की, देवापाशी ‘आधी’ आणि ‘नंतर’ नाही; आपला प्रत्येक क्षण त्याला सारखाच जवळचा आहे. म्हणूनच शब्द देही झाला तो इतिहासातील एका ठरावीक काळी. दर रविवारी श्रद्धांगीकार म्हणताना आपण पोंती पिलात या रोमी अधिकाऱ्याचे नाव घेतो, ते याच कारणाने. सार्वकालिक देव तारीख-वाराच्या जगात शिरला. मग आपल्याला त्या जगातून पळ काढता येणार नाही.

तेव्हा प्रश्न आजचा आहे. 30 वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे. ही इमारत तर दीड दशकाचीही नव्हती आणि ती अनधिकृत असल्याचे महापालिकेने सांगितले. परवानगीविना मजले चढत असताना बिल्डर, अधिकारी, जमीनमालक, दलाल आणि शेजारी अशा कित्येकांनी ‘पुढे पाहू’ म्हटले असेल. ‘पुढे पाहू’ म्हणणे आणि माळ्याने मागितलेले एक वर्ष यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात मिळालेली मुदत वाया जाते; दुसऱ्यात ती राबून सत्कारणी लागते.

बंधू-भगिनींनो, मृतांच्या स्मरणासाठी मिस्सा अर्पण करताना त्या 17 जणांसाठीही, धर्म न पाहता, प्रार्थना करू या. परंतु मिस्सा संपल्यावर आपल्या सोसायटीच्या सभेत इमारतीच्या परवानगीची कागदपत्रे मागू या. पिलरला गेलेला तडा रंगाखाली झाकू नये. भाडे मिळते म्हणून कोणाला धोक्याच्या खोलीत ठेवू नये. ‘तहानेल्यास पाणी दिले ते मलाच दिले,’ अशा आशयाने बोलणारा प्रभू आपला न्याय करील, तेव्हा सुरक्षित छपराचाही हिशेब मागेल. अंजिराच्या झाडाला मिळालेले ते एक वर्ष आज आपल्या हाती आहे.