मत्स्यपेटीत मासे किती असावेत?

निवृत्तीनंतर घरात एखादी मत्स्यपेटी असावी, असे अनेकांना वाटते. कुत्र्यामांजराप्रमाणे माशांना फिरवायला न्यावे लागत नाही, आवाज होत नाही आणि त्यांच्या संथ हालचाली पाहताना मनाला विसावा मिळतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील नॅन्सी एडवर्ड्स आणि ॲलन बेक यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भोजनकक्षात मत्स्यपेटी ठेवल्यावर अल्झायमरच्या रुग्णांचे जेवण वाढल्याचे नोंदवले आहे. मात्र पेटीत माशांची दाटी झाली, तर हाच विरंगुळा चिंतेचे कारण ठरतो. रोज सकाळी एक मासा मेलेला दिसणे हा वृद्ध मनाला लागणारा चटका आहे. म्हणून मासे आणण्यापूर्वी त्यांची संख्या ठरवणे आवश्यक आहे.

प्रथम पाण्याचा हिशेब करू. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा व त्याला १००० ने भागावे. उत्तर लिटरमध्ये मिळते. ६० × ३० × ३० सेंटिमीटरची, म्हणजे साधारण दोन फुटी पेटी ५४ लिटरची असते. तळातील वाळूखडे आणि वरची मोकळी जागा वजा केल्यास प्रत्यक्ष पाणी सुमारे ४५ लिटर राहते. एक इंच लांबीच्या माशाला एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर पाणी, असा जुना ठोकताळा आहे. त्यानुसार या पेटीत सर्व माशांची मिळून लांबी ३० सेंटिमीटरच्या आत असावी. तीन-साडेतीन सेंटिमीटरचे आठ लहान मासे एवढीच तिची क्षमता होय.

हा ठोकताळा केवळ लहान, सडपातळ माशांना लागू पडतो. माशाची लांबी दुप्पट झाली की शरीराचे आकारमान जवळपास आठपट होते आणि आहार व विष्ठाही बरीच वाढते. दुकानात बोटाएवढा दिसणारा गोल्डफिश पुढे १५-२० सेंटिमीटरचा होतो. त्याला दोन फुटी पेटी पुरत नाही, काचेचा गोल वाडगा तर मुळीच नाही. म्हणून हिशेब नेहमी माशाच्या पूर्ण वाढीचा करावा. गोल्डफिश नीट सांभाळल्यास दहा-पंधरा वर्षे जगतो, हेही आधी ध्यानात घ्यावे. इतक्या वर्षांची जबाबदारी घरात कोण घेणार, हे कुटुंबाने मिळून ठरवावे.

दाटीने मासे का मरतात? माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. फिल्टरमध्ये व वाळूत वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये, मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे सर्व मासे एकाच दिवशी सोडू नयेत. आरंभी तीन सोडावेत, दोन-तीन आठवड्यांनी आणखी तीन आणि शेवटी उरलेले दोन. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. क्लोरीनमुळे उपयुक्त जिवाणू मरतात. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा.

नवशिक्यांसाठी गप्पी योग्य. परंतु केवळ नर घ्यावेत. मादी साधारण महिन्याला पिले देते आणि आठाचे पन्नास व्हायला वेळ लागत नाही. निऑन टेट्रा थव्याने राहणारा मासा असल्याने किमान सहा हवेत, पण पेटी पूर्ण स्थिरावल्यानंतरच. नर फायटर दोन कधीही एकत्र ठेवू नयेत. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. अशा वेळी वीज गेली, तर कमी मासे असलेली पेटी अधिक काळ तग धरते.

आता दुसरा हिशेब, बादलीचा. नायट्रेट पाण्याबरोबर उडून जात नाही. वरून पाणी भरून तो कमी होत नाही. दर आठवड्याला चतुर्थांश पाणी काढून नवे घालावे लागते. दोन फुटी पेटीत हे काम ११ लिटरचे, म्हणजे एका बादलीचे आहे. अर्ध्या-अर्ध्या दोन बादल्यांत ते बेताने होते. १२० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या पेटीत मात्र दर आठवड्याला सुमारे ५० लिटर पाणी वाहावे लागेल. गुडघे, कंबर वा तोल यांचा त्रास असणाऱ्यांनी पेटी आणि माशांची संख्या याच मापाने निवडावी. नळाचे पाणी २४ तास उघडे ठेवावे किंवा क्लोरीननाशक थेंब घालावेत.

शुश्रूषा करणाऱ्यांनी काही बाबी कटाक्षाने पाळाव्यात. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व विद्युत उपकरणांचे प्लग काढावेत. सांडलेले पाणी तत्काळ पुसावे. ओल्या फरशीवरील एक घसरण महागात पडते. हाताला जखम असल्यास, विशेषतः मधुमेह असल्यास, हातमोजे घालावेत, कारण पेटीतील पाण्यातून त्वचेला चिवट जंतुसंसर्ग होऊ शकतो. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

विस्मरण होणाऱ्या व्यक्तीकडून माशांना पुन्हापुन्हा खाद्य घातले जाते आणि पाणी नासते. यावर सोपा उपाय आहे. गोळ्या ठेवण्याची सात कप्प्यांची वेगळी डबी घ्यावी, तिच्यावर माशाचे चित्र चिकटवावे आणि प्रत्येक कप्प्यात एका दिवसाची चिमूट भरून ठेवावी. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य पुरेसे असते. कप्पा रिकामा दिसला की त्या दिवसाचे काम झाले. खाद्य घालण्याचा आनंद आजी-आजोबांकडेच राहतो आणि मासेही सुरक्षित राहतात.

एखादा मासा दगावलाच, तर त्याच दिवशी नवा आणू नये. चतुर्थांश पाणी बदलावे, फिल्टर चालू आहे का ते पाहावे, आठवडाभर उरलेल्या माशांचे निरीक्षण करावे. ते पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील, तर संख्या आणखी कमी करण्याची गरज आहे, असे समजावे.