शेळीची बाजू

थंड मुलखात म्हणे हिवाळ्यात ससे बागेतल्या झुडपांची साल कुरतडतात. बर्फ साचला की त्यावर उभे राहून वरच्या फांद्याही गाठतात. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या कॉलनीत ससा भेटतो तो कासवाच्या गोष्टीत. इथे ते खातं शेळीकडे आहे, आणि बर्फाची उणीव माझी स्कूटर भरून काढते.

पौषात माळावरचं गवत वाळतं. हिरवं उरतं ते आपल्या फाटकाआड. गेल्या पौषात सौभाग्यवतींची जास्वंद शेळीने दहा मिनिटांत फस्त केली. उरले दोन दांडके. लगेच शेजारचे अण्णा गरजले, "कोंडवाड्यात घाला! काटेरी तार लावा! नाहीतर कडेने कण्हेर लावा, एकदा खाल्ली की पुन्हा यायची नाही!"

कशी येईल? कण्हेर विषारी. शेळी मरायचीच!

मी शेळीच्या बाजूचा आहे. गवतापेक्षा पाला तिला प्रिय, हा तिचा स्वभाव, गुन्हा नव्हे. तिची दोन करडं विकून मागच्या गल्लीतल्या आजींनी नातीची फी भरली. कोंडवाड्याचा दंड त्या कशातून भरणार? आमच्या जास्वंदीतून?

खरा गुन्हेगार मी. फाटकाची कडी मीच उघडी टाकली होती. आपल्याच गावात सतराव्या शतकात बीबी का मकबरा बांधला, तेव्हा बागेभोवती चांगली उंच भिंत घातली. शेळ्यांच्या नावाने खडे फोडत नाही बसले! आपण मात्र आधी रोप लावतो, मग शिव्या देतो, आणि जाळीचं बघू पुढच्या पगाराला.

उपाय साधा आहे. झुडपापासून हातभर अंतर सोडून जाळी लावा. शेळी मागच्या पायांवर उभी राहिली तरी तोंड पोचू नये इतकी उंच. बाहेरच्या कडेला अडुळसा लावा. त्या कडू पाल्याला शेळी तोंड लावत नाही. आणि स्कूटर भिंतीपासून लांब उभी करा.

जाळी लावली आणि दांडक्यांना पालवी फुटली. आता छाटणीचा पाला आजींच्या दारात जातो. शेळी माझ्याकडे जुन्या ओळखीने बघते.

अण्णांनी मात्र काटेरी तार लावलीच. तिने आजवर एकच गुन्हेगार पकडला: अण्णांचा लेंगा.